तू कोणत्या टेबलावर बसायचीस?

बाई, नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहते. वय ४१. बाबा वायटूकेच्या, म्हणजे सन २००० लागताना संगणक अडू नयेत म्हणून निघालेल्या, कामासाठी अमेरिकेत आले तेव्हा, म्हणजे १९९९ च्या ऑगस्टमध्ये, आम्ही डोंबिवलीहून इथे आलो. सप्टेंबरमध्ये मी इथल्या हायस्कूलात दहावीत जाऊन बसले आणि त्याच महिन्यात टीव्हीवर 'पॉप्युलर' नावाची मालिका सुरू झाली. हायस्कूलमधल्या मुलामुलींच्या कंपूंची मालिका. एकीकडे चीअरलीडर मुली, दुसरीकडे बाकीच्या, आणि सगळं कसं भडक, रंगीबेरंगी, नाटकी. गुरुवारी रात्री आठ वाजले की मी जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर. माझा तिच्यावर जीव होता.

माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. नववीत जायच्या आधीच्या सुट्टीत मी कपाटातून जुने डीव्हीडी काढले आणि मोठ्या कौतुकानं तिला म्हटलं, चल, आईची आवडती मालिका बघू. पाचव्या भागाला तिनं मालिका थांबवली. म्हणाली, "आई, हे तुला आवडायचं? सगळे त्या जाड मुलीवर नि जाड मुलावर हसतायत. सायन्सच्या बाई पुरुषी दिसतात म्हणून हसतायत. यात मजा काय आहे?" मला काही सुचेना. मग तिनं विचारलं, "तू कोणत्या टेबलावर बसायचीस?" मी म्हटलं, "मी मालिकेतल्या त्या सॅमसारखी होते. मला असल्या मुलींचं काही पडलेलंच नसायचं."

बाई, हे खोटं आहे. पहिले पाच महिने मी दाराजवळच्या टेबलावर एका मराठी मुलीबरोबर डबा खायचे. ती माझ्या दोन वर्षं आधी आलेली. लॉकर कसा उघडायचा हेही तिनंच मला शिकवलं. तिची आई माझ्यासाठी वेगळं थालीपीठ द्यायची. फेब्रुवारीत केमिस्ट्रीच्या लॅबमधली माझी पार्टनर मला तिच्या टेबलावर घेऊन गेली. मधलं, मोठं टेबल. मी गेले ती परत आलेच नाही. एकदा त्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, तुझी ती मैत्रीण इंग्रजी कशी बोलते ते करून दाखव. मी करून दाखवलं. सगळे हसले. ती माझ्या मागेच उभी होती, हातात दुधाचा छोटा खोका घेऊन. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत कधी बोलली नाही. एकदोनदा बोलली ती इंग्रजीत.

ही मालिका मुलीला दाखवली ही माझी चूक झाली का? बंद करू का? आणि इतकी वाईट मालिका मला इतकी कशी आवडत होती? तुम्ही शाळेत शिकवत होतात, म्हणून विचारते. मला अगंतुगं केलंत तरी चालेल.

— एक वाचक

*

अगं, मालिका बंद करू नकोस. हे आधी सांगते, मग बाकीचं.

तुझं पत्र आल्यावर मी भाचीकडून दोन्ही वर्षांचे संच मागवून घेतले आणि रोज रात्री दोन-दोन करत सगळे ४३ भाग पाहिले. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रायन मर्फी आणि जीना मॅथ्यूज यांनी ती रचली. 'द डब्ल्यूबी' या वाहिनीवर २९ सप्टेंबर १९९९ ला ती सुरू झाली आणि १८ मे २००१ ला संपली. केनेडी हायस्कूल नावाची कॅलिफोर्नियातली शाळा. ब्रुक मॅक्वीन ही चीअरलीडर, सोनेरी केसांची, शाळेची लाडकी. सॅम मॅकफर्सन शाळेच्या वर्तमानपत्राची संपादक, जिभेला धार असलेली. दोघींचं हाडवैर. ब्रुकची आई घर सोडून गेलेली, सॅमचे वडील वारलेले. ब्रुकचे वडील आणि सॅमची आई एका समुद्रसफरीत भेटतात, लग्न ठरवतात, आणि या दोघींना एका घरात, एक बाथरूम वाटून घेत दिवस काढावे लागतात. मर्फीनं पुढे २००९ मध्ये 'ग्ली' काढली, ती आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. तिची बीजं इथे पेरलेली दिसतात.

मालिका भडक आहे, नाटकी आहे, असं तू जरा ओशाळून लिहिलं आहेस. ओशाळू नकोस. तो भडकपणा अजाणता झालेला नाही, जाणूनबुजून केलेला आहे, आणि आपल्या मराठी माणसांना तो परका वाटायचं काही कारण नाही. तमाशात गवळणींबरोबर मावशी येते, ती कुठे खरी बाई असते? पुरुष लुगडं नेसतो, कमरेवर हात ठेवतो, नको इतका मुरडत चालतो. आणि मथुरेच्या बाजाराची वाट अडवणाऱ्याशी हुज्जत घालता घालता ती मावशी असं काही बोलून जाते, जे साध्या तोंडानं कुणी बोलू धजलं नसतं. मालिकेतली मेरी चेरी घे, टेक्सासच्या गर्भश्रीमंत घरातली. ती जशी किंचाळते, फणकारते, भोकाड पसरते, तशी जगातली कुठली मुलगी वागत नाही. पण तिची आई पडद्यावर आली की मला हसता हसता गप्प व्हायला झालं. डेल्टा बर्कनं ते काम केलं आहे, नावच चेरी चेरी. लेकीला आई हवी आहे आणि मिळतोय पैसा. हेच कुणी साधेपणानं दाखवलं असतं तर मी डोळे पुसले असते आणि सकाळी विसरले असते. मेरी चेरीचा तो थयथयाट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. पंधराव्या वर्षी तुला ही मालिका आवडली यात तुझं काही चुकलं नव्हतं. तुला ती कळली होती म्हणून आवडली.

आता तुझी लेक. ती जे म्हणाली ते खरं आहे आणि तिला ते तसंच सांग. 'त्या काळी असंच असायचं' हे वाक्य तोंडातून काढू नकोस. त्या काळीही जाड मुलांना ते लागतच होतं. कार्मेन फरेराचं बघ. पहिल्याच भागात ती चीअरलीडरांच्या निवडीला जाते. तिला नाच येतो, नुसता येत नाही, फार छान येतो. पण अंगानं भरलेली म्हणून तिला घेत नाहीत. इथे मालिका पूर्ण तिच्या बाजूनं उभी आहे. आणि मग त्याच मालिकेत जाडेपणावरचे विनोद येत राहतात. बाजूही घ्यायची आणि चिमटाही काढायचा, ही तिची जित्याची खोड आहे. सायन्सच्या ग्लास बाईंबद्दलही तेच. तुझ्या लेकीनं पाच भागांत हे पकडलं. मला वाटतं, ती बघते फार नीट.

तिला अजून एक दाखव. शुगर डॅडी नावाचा जो मुलगा आहे, त्याचं काम करणारा रॉन लेस्टर मालिका सुरू झाली तेव्हा २९ वर्षांचा होता. त्याला कामं मिळत ती जाड मुलाचीच. पुढे त्यानं शस्त्रक्रिया करून घेतली, वजन खूप उतरवलं, आणि २०१६ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. हे वाचल्यावर मी त्याचे प्रसंग पुन्हा लावून पाहिले. बाकीचे हसत असताना तो क्षणभर थांबतो आणि मग स्वतःही हसण्यात सामील होतो. त्या क्षणभरात तो किती चांगला नट होता ते दिसतं. आणि वयाचं म्हणशील तर ब्रुक झालेली लेस्ली बिब पहिल्या भागाच्या वेळी २५ वर्षांची होती, मेरी चेरी झालेली लेस्ली ग्रॉसमन २७ ची. दहावीतल्या मुलीचं शरीर म्हणून तू जे बघत होतीस ते दहावीतल्या मुलीचं नव्हतंच. तेव्हा आरशासमोर उभं राहून तू स्वतःला कुणाशी ताडून पाहत होतीस ते आठव. हे आकडे लेकीला सांगायला हवेत, कारण आजही पडद्यावर तेच चालतं.

ती ज्या पाचव्या भागाला थांबली त्याच्या पुढे बरंच आहे. निकोल ज्युलियन, सगळ्यांत विखारी मुलगी, ती दत्तक आहे आणि त्याची सल तिला आतून कुरतडत असते. देखण्या, परिपूर्ण ब्रुकला खाण्याच्या विकारानं ग्रासलेलं आहे. जॉश हा फुटबॉलचा क्वार्टरबॅक, त्याला मनातून शाळेच्या संगीतनाटकात गायचं असतं. यातलं कुणीच आपल्या टेबलावर सुखानं बसलेलं नाही. तिथून आपल्याला उठवतील या धास्तीत सगळे बसलेत. विनोद फसतात, कथानक वाटेल तिथे भरकटतं, दुसऱ्या वर्षात तर सॅमची मैत्रीण लिली आणि जॉश शाळेत असतानाच लग्न करून मोकळे होतात, ते मला काही पटलं नाही. पण ही धास्ती शेवटपर्यंत खरी राहते.

ती मालिका आली ते वर्षही लक्षात घे. २० एप्रिल १९९९ ला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, विद्यार्थी आणि एक शिक्षक मिळून १३ जण मारले गेले. त्यानंतर महिनोन्‌महिने अमेरिकेतल्या घराघरांत कंपूंचीच चर्चा होती. कोण कुणाला हिणवत होतं, कोण एकटं पडत होतं. घडलं ते इतकं सरळ नव्हतं हे पुढे उजेडात आलं, पण त्या उन्हाळ्यात आईबाप घाबरलेले होते. त्यानंतर पाच महिन्यांनी ही मालिका सुरू झाली, आणि तू त्याच महिन्यात त्या देशातल्या शाळेची पायरी चढलीस. तुझ्या शाळेतले शिक्षकही तेव्हा बावरलेलेच असणार. तुम्हां मुलींकडे बघायचं तर खरं, पण काय बघायचं हे कुणालाच कळत नसणार.

आता टेबलाकडे येते. मला यात सगळ्यांत जास्त रस आहे, कारण मी ठाण्यातल्या एका शाळेत ३१ वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. आपल्याकडे मूल शाळेत जातं ते तुकडीत जातं. 'अ' तुकडी, 'क' तुकडी. साठ मुलं, तोच वर्ग, तोच बाक, बाई बदलतात पण मुलं हलत नाहीत. चांगलं की वाईट हा प्रश्न वेगळा. मार्कांवरून तुकड्या पाडून आम्ही शिक्षकांनी जी उतरंड रचली तिनं पुष्कळ मुलांचं नुकसान केलं, हे मी नाकारत नाही. पण डबा कुणाबरोबर खायचा हे बाकानं ठरवून दिलेलं असायचं. तू डोंबिवलीहून त्या बाकावरून उठून गेलीस. तिथे तुकडीच नाही. गणित एका मुलांबरोबर, इतिहास दुसऱ्यांबरोबर, घंटा झाली की शेकडो मुलं लोंढ्यासारखी बाहेर पडणार आणि पुन्हा विखुरणार. दिवसभरात सगळे एकमेकांसमोर येणार ते जेवणाच्या सुट्टीत, त्या एका मोठ्या दालनात. मग टेबल हीच तुकडी होते, फक्त ती मुलांनी स्वतः पाडलेली असते. कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं इलिनॉयमधल्या दहा हायस्कूलांचा अभ्यास करून १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. शाळेत तुमची आठवण कशासाठी राहावी असं त्यानं मुलांना विचारलं होतं. हुशार विद्यार्थी म्हणून राहावी, असं म्हणणाऱ्या मुलग्यांपेक्षा उत्तम खेळाडू म्हणून राहावी, असं म्हणणारे जास्त निघाले. मुलांचा स्वतःचा दरबार असतो आणि तिथलं नाणं वेगळं असतं, हे तुझ्याआधी चाळीस वर्षं तिथे माहीत होतं. तुला ते कुणी सांगितलं नव्हतं. तुझे बाबा ऑफिसात, आई नव्या घरात एकटी. तुला सांगितलं ते गुरुवारी रात्री आठ वाजता त्या मालिकेनं. कोणतं टेबल कुणाचं, मध्ये कोण बसतं, दाराजवळ कोण, हा नकाशा तू तिच्याकडून घेतलास. त्या केनेडी हायस्कूलच्या मुख्य मुलींमध्ये तुझ्या तोंडवळ्याची एकही नव्हती, म्हणजे त्या नकाशात तुझी जागा कुठे लिहिलेलीच नव्हती. ती तू शोधलीस.

मी तुला माफ करत नाहीये. तो अधिकार माझा नाही. तू मैत्रिणीची नक्कल केलीस, लोकांना हसवलंस, आणि ती मागे उभी होती. हे तू तिच्याशी केलंस. मालिकेनं केलं नाही, लॅब पार्टनरनंही नाही. पण ज्या मुलीनं हे केलं ती पंधरा वर्षांची, सहा महिन्यांपूर्वी आलेली, जिवाच्या आकांतानं जागा शोधणारी मुलगी होती, हेही तितकंच खरं, आणि तुझ्या लेकीला ही दोन्ही एकत्र ऐकण्याची गरज आहे.

कारण ती मालिकेबद्दल विचारत नव्हती गं. नववीत जायच्या आधीच्या सुट्टीत चौदा वर्षांची मुलगी आईला विचारते, तू कोणत्या टेबलावर बसायचीस, तेव्हा तिला स्वतःचं टेबल दिसत असतं, किंवा दिसत नसतं. तिला धाकधूक आहे. आणि तिला उत्तर मिळालं, मला काही पडलेलं नसायचं. तू खोटं बोललीस हे मला त्यात एवढं खटकत नाही. खटकतं ते हे की त्या उत्तरानं तिला कळलं, या घरात अशा गोष्टींचं कुणाला काही पडलेलं नसतं. उद्या तिला पडलं, ती एकटी जेवायला लागली, किंवा त्याहून वाईट, तुझ्यासारखी एखाद्या मोठ्या टेबलावर जाऊन बसली आणि तिथे हसावं लागलं, तर ती कुणाला सांगणार? सॅमसारख्या आईला तर नाहीच.

म्हणून तिला खरं सांग. मुद्दाम समोर बसवून नको, कोथिंबीर निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, हाताला काम असताना सांग. म्हणावं, तू मागे विचारलंस त्याचं मी चुकीचं उत्तर दिलं होतं. मग थालीपिठापासून सुरू कर. दाराजवळचं टेबल, लॉकर, फेब्रुवारी, मधलं टेबल, दुधाचा खोका. जसं मला लिहिलंस तसंच, त्यात काही कमी-जास्त करू नकोस. ते तू फार प्रामाणिकपणे लिहिलं आहेस. रडू आलं तर येऊ दे, पण तिच्याकडून सांत्वन करून घेऊ नकोस. आणि शेवटी 'म्हणून तू तरी असं वागू नकोस' हे जोडू नकोस. ती समजून घेईल. कदाचित रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. तिचा तो राग तुझ्या मैत्रिणीच्या बाजूनं आहे, त्याला वाव दे.

मात्र त्यानंतर रोज संध्याकाळी 'आज कुणाबरोबर जेवलीस' म्हणून तिच्या मागे लागू नकोस. हे मी अनुभवानं सांगते. १९९४ सालची गोष्ट, सातवी 'ब'. मधल्या सुट्टीत मी शिक्षकखोलीच्या खिडकीशी बसायचे. तिथून पाण्याचे नळ दिसायचे. एक मुलगी नळांच्या कट्ट्यावर डबा ठेवून उभ्यानं जेवायची. झाकण डाव्या हातात, जणू आता लावून निघायचंच आहे. दोन घास खायचे, नळ सोडायचा, बोटं धुवायची, नळ बंद. पुन्हा दोन घास. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हिचं जेवण आटोपलंय, ही हात धुतेय. ती एकटी जेवतेय हे कुणाला दिसू नये म्हणून ती रोज वीस मिनिटं हात धूत होती. मला हे उमगायला तीन आठवडे लागले. उमगल्यावर मी काय केलं, तर तिला काही न विचारता रोज मधल्या सुट्टीत वर्गाच्या वह्या शिक्षकखोलीत आणायचं काम दिलं. वाटलं, तिला जायला एक जागा झाली. आठवडाभरात वर्गात तिचं नाव पडलं 'बाईंची चमची'. ते वर्षअखेरपर्यंत सुटलं नाही. आधी ती एकटी होती, माझ्यामुळे एकटी आणि नावं ठेवलेली झाली. मी तिला एकदा नुसतं विचारलं असतं, तर तिनं काय हवं ते सांगितलं असतं. मी आजही कुठे सार्वजनिक नळाखाली हात धुते तेव्हा ती मला दिसते.

तुझ्या लेकीनं सांगितलं तर ऐक. मदत मागितली तर विचार, काय करू. तोवर तिच्या शेजारी बसून मालिका बघ. थांबवायची वाटली तिथे ती थांबवू दे, चिडू दे, वाद घालू दे. मेरी चेरीवर तुम्ही दोघी एकत्र हसाल असे पुष्कळ भाग पुढे आहेत, ते मी पाहिलेत. दुसऱ्या वर्षी मालिका गुरुवारवरून शुक्रवारी गेली होती, ते तुला आठवत असेल; शुक्रवारी रात्री बघायला सोयीचंही पडेल.

शेवटच्या भागाची मात्र तिला आधी कल्पना दे. प्रॉमच्या, म्हणजे शाळेच्या नाचाच्या समारंभाच्या रात्री सॅमचा मित्र हॅरिसन याला ब्रुक आणि सॅम यांच्यातून एकीची निवड करायची असते, ब्रुक दुखावून बाहेर धावते, आणि दारू प्यायलेल्या निकोलची गाडी तिच्या अंगावर येते. तिथेच पडदा. वाहिनीनं मालिका रद्द केली, पुढचा भाग निघालाच नाही. ब्रुकचं काय झालं, निकोल दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर कुणाच्या दारात गेली, कुणाला काही म्हणाली का, हे कुणीच लिहिलं नाही. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते. मला सारखं तुझं पत्र आठवत होतं.

मैत्रिणीबद्दल तू मला काही विचारलं नाहीस. तरी पत्राचा मोठा भाग तिचाच आहे, म्हणून बोलते. लेकीशी बोलणं आधी होऊ दे. त्यानंतर मैत्रिणीला एक पत्र लिही. मालिकेचा उल्लेख नको, तुझ्या तेव्हाच्या परिस्थितीचा नको, आपण लहान होतो हेही नको. 'तुला आठवत असेल नसेल' असं तर अजिबात लिहू नकोस, तिला आठवतं. तू काय केलंस ते दोन ओळींत लिही, ते चुकीचं होतं असं लिही, आणि तिच्या आईच्या थालीपिठाबद्दल लिही. भेटूया म्हणू नकोस, उत्तराची वाट बघते म्हणू नकोस. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहू नकोस.

आणि पत्र मराठीत लिही. तिला इंग्रजीवर तू आणलं होतंस. इतक्या वर्षांनी मराठी लिहायला हात अडखळेल, ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, एखादा शब्द आठवणार नाही. चुकू दे. मी ३१ वर्षं लाल पेनानं वह्या तपासल्या आहेत, मी सांगते, चुकलेलंच पाठव.